समाजमाध्यमांवर लसींविषयी जे लिहिले जाते, त्यावरून लोकांचे मत खरोखर कळते का?

कानोसा (प्रश्न)

नमस्कार. गेले काही महिने मी आणि माझे दोन सहकारी एक काम हाताने करत आहोत. लसीकरणाविषयीच्या सार्वजनिक पोस्टखाली लोकांनी लिहिलेल्या प्रतिक्रिया वाचायच्या आणि प्रत्येकीवर ‘लसीच्या बाजूने’, ‘लसीच्या विरोधात’ किंवा ‘तटस्थ’ अशी खूण करायची. पुढे हेच वर्गीकरण संगणकाकडून करून घ्यायचे आहे. त्याला शिकवण्यासाठी माणसांनी तपासलेला नमुना लागतो, म्हणून सुरुवात आमच्यापासून झाली.

अडचण तिसऱ्या रकान्याची आहे. तो भरून वाहतो आहे आणि त्यात जे जमले आहे त्याला तटस्थ म्हणायला माझे मन तयार होत नाही. ‘बाळाला सर्दी असताना डोस द्यावा की पुढे ढकलावा?’ हा प्रश्न तटस्थ आहे का? ‘लस घेतली, पण नोकरीसाठी घेतली’ हे वाक्य कोणत्या बाजूचे? ‘दुसऱ्या डोसनंतर मला आठ दिवस चक्कर येत होती आणि ते कोणी ऐकूनसुद्धा घेतले नाही’ असे लिहिणारी व्यक्ती लसीवर रागावली आहे की ऐकून न घेणाऱ्यांवर? आम्हा तिघांच्या खुणा अशा ठिकाणी हमखास वेगवेगळ्या पडतात.

शिवाय एक मूळ शंका मला सतावते आहे. या प्रतिक्रिया वाचून उठल्यावर अर्धे जग लसींच्या विरोधात आहे असे वाटू लागते; पण प्रत्यक्षात बहुसंख्य आईवडील मुलांना वेळेवर लसी देतात. मग आम्ही जे मोजतो आहोत ते नेमके काय आहे? ज्यांनी असे काम केले आहे किंवा ज्यांचा रुग्णांशी रोजचा संबंध आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अंकमित्र

आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध आधी घेतो, कारण तो सुटला की रकान्यांचा गोंधळ बराचसा आपोआप सुटेल.

आपण प्रतिक्रिया मोजत आहात आणि निष्कर्ष माणसांविषयी काढू पाहत आहात. ही दोन वेगळी एकके आहेत. एकच व्यक्ती दिवसभरात चाळीस ठिकाणी तोच मजकूर चिकटवू शकते आणि वेळेवर लस देऊन घरी गेलेली शेकडो माणसे त्याबद्दल एक अक्षरही लिहीत नाहीत. लस दिली, काही झाले नाही, विषय संपला. यात लिहिण्यासारखे काय आहे? लसीचे यश म्हणजे काहीच न घडणे, आणि न घडलेल्या गोष्टीची पोस्ट होत नाही. गोवर न झालेले मूल आपल्या आईला काही सांगायला जात नाही. त्यामुळे समाजमाध्यमांवरचा नमुना मुळातच तक्रारीच्या, भीतीच्या आणि ठाम मतांच्या बाजूला झुकलेला असतो. आपली वाचनातली चूक नव्हे, ती त्या जागेची घडण आहे. म्हणून पहिले काम हे करा की प्रत्येक प्रतिक्रियेबरोबर लिहिणाऱ्याची ओळख लपवून एक सांकेतिक क्रमांक ठेवा, आणि किती प्रतिक्रिया यासोबत किती वेगळी माणसे हेही मोजा. मला खात्री आहे की विरोधाचा रकाना माणसांच्या हिशेबात बराच आक्रसेल.

एकक बदलले की चित्र किती बदलते याचे एक ठळक उदाहरण सांगतो. मार्च २०२१ मध्ये ‘सेंटर फॉर काउंटरिंग डिजिटल हेट’ या संस्थेने अहवाल काढला, की तिने तपासलेल्या लसविरोधी मजकुरापैकी जवळजवळ ६५ टक्के मजकुराचा माग अवघ्या बारा व्यक्तींपर्यंत जातो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फेसबुकने उत्तर दिले, की लसींविषयीचा जो काही मजकूर फेसबुकवर पाहिला जातो, त्यात या बारा जणांचा वाटा सुमारे ०.०५ टक्के आहे. दोन्ही आकडे वाचून माणूस चक्रावतो. पण एका आकड्याचा छेद ‘निवडक गटांतून गोळा केलेला लसविरोधी मजकूर’ हा आहे आणि दुसऱ्याचा छेद ‘लसींविषयीचे सगळे काही’ हा. छेद सांगितल्याशिवाय टक्केवारी सांगू नये, हे शाळेत शिकलेले सूत्र इथे फार उपयोगी पडते.

आता रकान्यांकडे. आपले तीन रकाने दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजतात: लिहिणाऱ्याची भावना आणि लिहिणाऱ्याची भूमिका. ‘हात इतका दुखतोय की उचलवत नाही, पण बरे झाले एकदाची घेतली’ या वाक्यातील भावना त्रासाची आहे, भूमिका लसीच्या बाजूची आहे. ‘वा, आमच्या मुलांवर प्रयोग करा, खूप छान’ या वाक्यातले सगळे शब्द गोड आहेत आणि भूमिका कडवट विरोधाची आहे. भावना ओळखण्यासाठी बनवलेली साधने शब्दांचा सूर मोजतात, म्हणून ती पहिल्याला विरोधक आणि दुसऱ्याला समर्थक ठरवतात. दोन स्वतंत्र स्तंभ करा. शिवाय ‘कशाविषयी’ असा तिसरा स्तंभ हवाच. कारण राग लसीवर आहे, सक्तीवर आहे, रांगेवर आहे, कंपनीवर आहे की सरकारवर, हे कळले नाही तर बाकीचे कळून उपयोग नाही. आपल्या तिघांच्या खुणा जिथे जुळत नाहीत त्या नोंदी फेकून देऊ नका. प्रशिक्षित वाचकांचेही जिथे एकमत होत नाही, तिथे बहुधा वाक्य दुहेरीच असते, आणि तीच नोंद सर्वांत बोलकी असते.

शब्द शोधून मजकूर गोळा करत असाल तर आणखी एक सावधगिरी. नियमन कडक झाले की बोलणे थांबत नाही, वेषांतर करते. फेसबुकवरील काही गटांनी स्वतःचे नाव ‘डान्स पार्टी’ असे ठेवले होते. काहींनी लसीच्या जागी गाजराचे चित्र वापरायला सुरुवात केली. ‘लस’ हा शब्द शोधणाऱ्याला हे संभाषण दिसतच नाही. बंद गट आणि खाजगी निरोपांतून जे फिरते ते तर कोणत्याच मोजणीत येत नाही. त्यात संशोधकांची दारेही एकेक करून बंद होत आहेत: ट्विटरने २०२३ मध्ये माहिती मिळवण्याची मोफत सोय काढून घेतली आणि फेसबुकवरील सार्वजनिक मजकूर पाहण्याचे ‘क्राउडटँगल’ हे साधन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाले. तेव्हा आपण हाताने वाचत आहात हे मागासलेले काम समजू नका.

तिसऱ्या रकान्याविषयी शेवटचे. नील जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ‘नेचर’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. फेसबुकवरील सुमारे १० कोटी वापरकर्त्यांचा विचार करून त्यांनी पृष्ठांचे तीन गट पाडले. लसविरोधी पृष्ठांच्या मागे सुमारे ४२ लाख लोक होते, लससमर्थक पृष्ठांच्या मागे ६९ लाख आणि अनिश्चित पृष्ठांच्या मागे ७ कोटी ४१ लाख. म्हणजे विरोधक संख्येने सर्वांत कमी. पण त्यांची पृष्ठे अनेक, लहान आणि नाना विषयांची होती आणि ती अनिश्चित लोकांच्या, म्हणजे पालकांच्या, पाळीव प्राण्यांच्या, आहाराच्या गटांशी दाट विणली गेली होती. समर्थकांची मोठी पृष्ठे मात्र बाजूला, आपापसांत बोलत होती. आपला भरून वाहणारा रकाना म्हणजे हेच ७ कोटी ४१ लाख आहेत. त्याला ‘तटस्थ’ हे नाव देऊ नका, एवढीच माझी कळकळीची सूचना आहे.

बालरोगतज्ज्ञ

अंकमित्र यांनी मोजणीचे सांगितले. मी त्या रकान्यातील माणसे रोज समोर बसलेली पाहते, म्हणून त्यांच्याविषयी लिहिते.

पंचवीस वर्षांच्या व्यवसायात ‘मी कोणतीही लस देणार नाही’ असे ठामपणे सांगणारे पालक मला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके भेटले. ‘देते, पण जरा थांबून’, ‘एका वेळी एकच द्या’, ‘ही नको, बाकीच्या चालतील’ असे म्हणणारे मात्र सतत भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने या अवस्थेची व्याख्या करताना ती पूर्ण स्वीकार आणि पूर्ण नकार यांच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात ठेवली आणि तिची तीन कारणे मांडली: आजाराची भीती न उरणे, लस मिळवण्यातील गैरसोय आणि विश्वासाचा अभाव. समाजमाध्यमांवर आपल्याला बहुतेक वेळा फक्त तिसरे कारण दिसते. दवाखाना दूर आहे, रजा मिळत नाही, रांगेत तीन तास जातात, ही माणसे लिहायला येत नाहीत. तीही लसीवाचून राहतात आणि त्यांना आपण नकळत विरोधकांत जमा करतो.

आजाराची भीती न उरणे याचा अर्थ समजून घ्यायला हवा. घटसर्पाने गुदमरणारे मूल आज तरुण डॉक्टरांनीही क्वचितच पाहिलेले असते. आजार नजरेआड गेला की तराजूच्या एका पारड्यात काहीच दिसत नाही आणि दुसऱ्या पारड्यात सुई, ताप व एखाद्या अनोळखी आईने लिहिलेला अनुभव दिसतो. अशा वेळी जी आई घाबरते ती अडाणी नसते. ती तिच्यासमोर आलेल्या पुराव्याचे वजन करत असते. तो पुरावा अर्धा आहे, हे तिला कोणीतरी सांगायला हवे.

आता काळाच्या योगायोगाविषयी, कारण बहुतेक अनुभवकथनांच्या मुळाशी तो असतो. समजा, वयस्कर माणसांचा असा एक समूह आहे की ज्यात वर्षाला दर हजारी साधारण ३६ ते ३७ मृत्यू एरवीही होतात. अशा १० लाख लोकांत कोणतीही लस न देता रोज सरासरी १०० मृत्यू होतील आणि आठवड्यात ७००. या सर्वांना एकाच दिवशी लस दिली, तर पुढच्या आठवड्यात ७०० कुटुंबांना ‘लस घेतली आणि गेले’ असे लिहिता येईल, आणि त्यांतील एकही शब्द खोटा नसेल. लसीमुळे मृत्यू झाले का हे ठरवायचे असेल, तर ७०० ची तुलना अपेक्षित ७०० शी करावी लागते. शोकात असलेल्या घराकडून ही तुलना कोणी अपेक्षू नये. ती करणे आमचे काम आहे आणि ती केल्यावर लोकांना सांगणेही आमचेच काम आहे.

गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीबाबत हेच घडले. स्वमग्नतेची लक्षणे पालकांच्या लक्षात येण्याचे वय आणि या लसीच्या पहिल्या डोसचे वय जवळजवळ आहे. त्या योगायोगावर १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा ‘लॅन्सेट’मधील लेख उभा राहिला. त्यात फक्त १२ मुले होती. पुढे पत्रकार ब्रायन डीअर यांच्या शोधातून आणि वैद्यक परिषदेच्या चौकशीतून त्यातील गैरप्रकार उघड झाले, २०१० मध्ये लेख मागे घेतला गेला आणि वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. डेन्मार्कमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६ लाख ५७ हजार ४६१ मुलांची माहिती तपासली गेली आणि या लसीचा स्वमग्नतेशी संबंध आढळला नाही. तरीही तो प्रश्न मला अजून विचारला जातो. तो विचारणाऱ्या पालकांना ‘हे खोटे ठरले आहे’ एवढेच सांगून चालत नाही. ‘आपल्याला हे कुठे वाचायला मिळाले आणि त्यातील कोणत्या गोष्टीची सर्वांत जास्त काळजी वाटली?’ असे मी आधी विचारते. अर्ध्याहून अधिक वेळा खरी काळजी स्वमग्नतेची नसतेच. आधीच्या डोसनंतर आलेला ताप, घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे किंवा आकडी येण्याची भीती निघते, आणि तिच्यावर बोलता येते.

एक_आई

बालरोगतज्ज्ञ ताईंचे लिखाण आवडले, तरी मला थोडे वेगळे आणि स्पष्ट लिहायचे आहे, कारण कानोसा यांच्या रकान्यातील ‘ऐकून न घेतलेली’ व्यक्ती मी असू शकते.

माझ्या मुलीला एका डोसनंतर जोरदार ताप आला आणि ती कित्येक तास न थांबता रडत होती. जिथे डोस दिला तिथे मी फोन केला, तेव्हा ‘असे होतेच, उगाच घाबरू नका’ एवढे सांगून फोन ठेवला गेला. नोंद झाली नाही. पुढच्या डोसच्या वेळी काय करायचे हे कोणी सांगितले नाही. रात्री मी हा अनुभव एका पालकगटात लिहिला. तासाभरात मला दोन प्रकारची उत्तरे आली. एका बाजूने ‘तुमच्यासारख्यांमुळेच आजार पसरतात’ असे सुनावले गेले आणि दुसऱ्या बाजूने अनोळखी लोकांनी मायेने चौकशी केली, मला धीर दिला आणि हळूच आपल्या गटात येण्याचे निमंत्रण दिले. मी त्या गटात गेले. माझे पटले म्हणून गेले नाही; तिथे माझे ऐकले जात होते म्हणून गेले. जवळजवळ वर्षभर मी मुलीचे पुढचे डोस थांबवले. नंतर एका शांत स्वभावाच्या परिचारिकेने माझे सगळे ऐकून घेतले, मागच्या तक्रारीची नोंद केली, पुढच्या डोसनंतर काय होऊ शकते आणि कशासाठी लगेच यायचे ते लिहून दिले, आणि मी डोस पूर्ण केले.

म्हणून माझी विनंती आहे, की आमच्यासारख्यांना ‘लसविरोधक’ हे नाव देऊ नका आणि आमच्या अनुभवाला ‘अफवा’ही म्हणू नका. लसींचे दुष्परिणाम कधीच खरे नसतात, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळालेली पहिली रोटाव्हायरस लस आतड्यात आतडे शिरण्याच्या दुर्मीळ दुष्परिणामामुळे १९९९ मध्ये मागे घेण्यात आली. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीतील एका लसीनंतर फिनलंड आणि स्वीडनमध्ये लहान मुलांत व किशोरांत अनावर झोपेचा विकार वाढल्याचे २०१० मध्ये लक्षात आले. हे मी त्या गटात वाचले आणि डॉक्टरांकडून आधी ऐकले नव्हते, म्हणून मला वाटले की बाकीचेही लपवले जात असेल. हेच जर मला डॉक्टरांनी सांगितले असते, तर त्याचा अर्थ मला वेगळा लागला असता.

बालरोगतज्ज्ञ

तुमच्या मुलीची तक्रार नोंदवली गेली नाही ही आमच्या व्यवसायाची चूक आहे आणि तिच्याबद्दल मला खरोखर वाईट वाटते. ती दोन्ही उदाहरणेही अचूक आहेत. पहिल्या प्रकरणात दुष्परिणाम सापडला, कारण लसीकरणानंतरच्या तक्रारी नोंदवण्याची व्यवस्था होती आणि लोकांनी तक्रारी नोंदवल्या होत्या. ही गोष्ट आम्ही स्वतःहून सांगत नाही, लोक घाबरतील म्हणून टाळतो, आणि मग ती दुसऱ्याच्या तोंडून आमच्याविरुद्ध पुरावा म्हणून ऐकू येते.

चूक झाल्यावर गप्प बसण्याची किंमत किती मोठी असते, त्याचे मला सर्वांत दुखावणारे उदाहरण सामोआ या प्रशांत महासागरातील छोट्या बेटदेशाचे वाटते. जुलै २०१८ मध्ये तिथे गोवराच्या लसीनंतर दोन बाळे दगावली. लसीची पूड विरघळवताना योग्य द्रावणाऐवजी स्नायू शिथिल करणारे मुदतबाह्य औषध मिसळले गेले होते. दोष लसीचा नव्हता. पण लसीकरण काही महिने थांबले, भीतीला आणि समाजमाध्यमांवरील लसविरोधी प्रचाराला मोकळे रान मिळाले आणि त्या वर्षी पहिल्या डोसचे प्रमाण सुमारे ३१ टक्क्यांवर आले. गोवर रोखायला ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण लागते. २०१९ च्या शेवटी साथ आली, ५ हजार ७०० हून अधिक लोकांना गोवर झाला आणि ८३ जण मरण पावले. त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती. देशाची लोकसंख्या जेमतेम २ लाख. डिसेंबरमध्ये सरकारने दोन दिवस सगळे कामकाज बंद ठेवले, लस न घेतलेल्या घरांनी दारासमोर लाल कापड लावायचे होते आणि पथके घरोघर जाऊन लस देत होती. जे लोक वर्षभर ‘विरोधक’ समजले गेले, त्यांनीच दारावर लाल कापड बांधून पथकाची वाट पाहिली. त्यांना विरोधक म्हणावे असे मला वाटत नाही.

कानोसा

सर्वांचे मनापासून आभार. एक पूरक प्रश्न विचारतो. आमच्या कामाचा पुढचा टप्पा चुकीच्या माहितीला उत्तर देण्याचा आहे. चुकीची गोष्ट खोडून काढायला गेले की माणूस उलट तीच घट्ट धरतो, असे वारंवार वाचले आहे. मग उत्तर द्यावे की देऊ नये? आणि खोटी पोस्ट काढून टाकली की प्रश्न सुटतो का?

अंकमित्र

‘उलट परिणामा’ची भीती आता बरीच कमी झाली आहे. ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफलर यांनी २०१० साली ती कल्पना मांडली. नंतर थॉमस वुड आणि इथन पोर्टर यांनी अनेक विषयांवर मोठ्या प्रमाणात प्रयोग केले, तेव्हा तसा परिणाम सहसा आढळला नाही. दुरुस्ती केल्याने चुकीची समजूत साधारणपणे कमी होते. मात्र समजूत बदलली म्हणजे निर्णय बदलला असे नाही. नायहन यांच्याच २०१४ च्या प्रयोगात लसीमुळे स्वमग्नता होत नाही हे पालकांना पटले, तरी जे आधीपासून सर्वांत साशंक होते त्यांचा पुढच्या मुलाला लस देण्याचा इरादा कमी झाला. आईंनी वर जे लिहिले आहे ते या निष्कर्षाच्या शेजारी ठेवून वाचावे.

खोट्याच्या वेगाबद्दल शंका नाही. २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात ट्विटरवरील सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा प्रवास तपासला गेला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त होती, आणि १ हजार ५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ लागला. हा वेग माणसांनीच दिलेला होता, स्वयंचलित खात्यांनी नव्हे.

परंतु खोटे काढून टाकले की झाले, असे मानणे चुकीचे ठरेल. २०२४ मध्ये त्याच नियतकालिकात जेनिफर ॲलन, डंकन वॉट्स आणि डेव्हिड रँड यांनी २०२१ च्या पहिल्या तिमाहीतील अमेरिकेच्या फेसबुकचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासनिसांनी खोटी ठरवलेली माहिती फार थोड्या लोकांनी पाहिली होती. कोविडच्या लसीविषयी शंका निर्माण करणारा, पण खोटा न ठरवलेला मजकूर इतक्या जास्त लोकांनी पाहिला, की लस घेण्याच्या इराद्यावरील त्याचा एकूण परिणाम ४६ पट भरला. सर्वाधिक पाहिलेल्या मजकुरांत एका प्रतिष्ठित वृत्तपत्राची बातमी होती: लस घेतल्यानंतर दोन आठवड्यांनी एका निरोगी डॉक्टरचा मृत्यू झाला आणि त्याची चौकशी सुरू आहे. बातमी खरी होती. ती सुमारे ५ कोटी ५० लाख वेळा पाहिली गेली. अशा घटना किती लाखांत एकदा घडतात, हे मथळ्यात नव्हते, आणि बहुतेकांनी मथळाच वाचला. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेला ७०० मृत्यूंचा हिशेब इथे उपयोगी पडला असता.

असाच एक हिशेब आपल्या उत्तरांसाठी तयार ठेवा. एका शाळेत १,००० मुले आहेत, ९५० जणांनी गोवराचे दोन्ही डोस घेतले आहेत आणि ती लस ९७ टक्के प्रभावी आहे असे धरा. साथ आली आणि असुरक्षित असलेल्या प्रत्येकाला लागण झाली, तर लस घेतलेल्यांपैकी सुमारे २८ आणि न घेतलेली ५० मुले आजारी पडतील. ‘रुग्णांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक मुलांनी लस घेतलेली होती’ हा मथळा खरा असेल. पण लस घेतलेल्यांत शंभरातील ३ आजारी पडले आणि न घेतलेल्यांत शंभरातील १००, हेही तितकेच खरे असेल. अशा मजकुराला ‘खोटे’ असा शिक्का मारला तर आपणच खोटे ठरतो. उरलेला अर्धा हिशेब जोडणे हेच त्याला उत्तर आहे.

जुनी_पाने

थोडी ऐतिहासिक भर घालते. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये गाईच्या देवीचा द्रव टोचून देवीपासून संरक्षण देता येते हे दाखवले, आणि १८०२ मध्येच जेम्स गिलरे यांनी लस टोचलेल्या माणसांच्या अंगातून गाई उगवत असल्याचे व्यंगचित्र काढले. आज फिरणाऱ्या अनेक चित्रांचा तो पूर्वज म्हणता येईल. इंग्लंडमध्ये १८५३ च्या कायद्याने लहान बाळांसाठी देवीची लस सक्तीची झाली आणि पुढे दंडाची कारवाई वाढली, तसा विरोध संघटित झाला. १८८५ मध्ये लेस्टर शहरात प्रचंड मोर्चा निघाला. त्या मोर्चात लसच नको म्हणणारे होते, तसेच दंडामुळे घरातील सामान जप्त झालेले गरीबही होते. १८९८ मध्ये सदसद्विवेकबुद्धीनुसार नकार देण्याची तरतूद कायद्यात आली. तेव्हा राग कशावर आहे हा स्वतंत्र स्तंभ ठेवावा, ही अंकमित्र यांची सूचना सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पत्रकांनाही तंतोतंत लागू पडते.

बालरोगतज्ज्ञ

गेलेला विश्वास परत येतो का, याची दोन उदाहरणे देते, कारण वरचे वाचून कोणी खचू नये. जपानने जून २०१३ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या लसीची सक्रिय शिफारस थांबवली. काही मुलींच्या तक्रारींच्या चित्रफिती सर्वत्र दाखवल्या गेल्या होत्या. सुमारे ७० टक्क्यांवरचे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली आले, आणि शिफारस पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडले. आयर्लंडमध्ये त्याच लसीचे प्रमाण सुमारे ८७ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये ५१ टक्क्यांपर्यंत घसरले होते. तिथे आरोग्य यंत्रणा, डॉक्टरांच्या व पालकांच्या संघटना एकत्र आल्या, तक्रार असलेल्या पालकांशी न भांडता समाजमाध्यमांवर रोज उत्तरे देत राहिल्या. त्याच वेळी लॉरा ब्रेनन ही तरुणी, जिला स्वतःला हा कर्करोग झाला होता, जाहीरपणे बोलू लागली. वयाच्या २६ व्या वर्षी, मार्च २०१९ मध्ये तिचे निधन झाले. तोवर प्रमाण पुन्हा ७० टक्क्यांच्या आसपास आले होते. तराजूचे रिकामे दिसणारे पारडे तिने लोकांना दाखवले. तिने कोणाला मूर्ख म्हटल्याचे मला कधी आढळले नाही.

कानोसा

या चर्चेनंतर आम्ही तिघांनी बसून जुनी वही बाजूला ठेवली आहे. ‘तटस्थ’ हा रकाना काढला. त्याऐवजी ‘प्रश्न विचारतो’, ‘स्वतःचा किंवा घरचा अनुभव सांगतो’, ‘लस घेतली पण मन साशंक आहे’ आणि ‘लस मिळवण्यात अडचण आहे’ असे चार केले; भावना, भूमिका आणि रोख कशावर आहे हे वेगळे स्तंभ झाले. आधी वाचलेल्या प्रतिक्रियांपैकी पहिले पाचशे काल पुन्हा वाचले. ‘विरोधात’ अशी खूण केलेल्यांपैकी बऱ्याच नोंदी अनुभवाच्या रकान्यात गेल्या, आणि त्या अनुभवांखाली कोणी काय उत्तर दिले होते हे आम्ही पूर्वी पाहिलेच नव्हते, हे लक्षात आले. आता उत्तरेही नोंदवतो आहोत. बहुतेक ठिकाणी उत्तरच नाही.

एक_आई, आपली परवानगी असेल तर त्या परिचारिकेने आपल्याला लिहून दिलेल्या कागदावर काय काय होते, ते सवडीने सांगाल का? उत्तरांचा नमुना तयार करताना सुरुवात तिथून करावी असे आम्हाला वाटते.

एक_आई

कागद अजून मुलीच्या लसीच्या कार्डातच आहे. पहिल्या ओळीत मागच्या वेळी काय झाले होते ते तारखेसह लिहिलेले आहे. दुसऱ्या ओळीत, या वेळी ताप येऊ शकतो आणि तो किती तास राहू शकतो, ते आहे. तिसऱ्या ओळीत, कोणती लक्षणे दिसली तर वाट न पाहता यायचे, त्यांची नावे आहेत. खाली तिचा दूरध्वनी क्रमांक आणि ‘रात्रीही चालेल’ असे लिहिले आहे. लसीच्या फायद्याविषयी त्या कागदावर एकही शब्द नाही.